उजनीच्या गाळातलं लोखंड

आमच्या बारामतीच्या फाउंड्रीत लोखंड वितळवून गाड्यांचे भाग ओततात. हल्ली लोखंडाच्या पुनर्वापराचे नियम कडक झालेत, माल घेणारे कारखानेही आधी विचारतात, "यात भंगार किती?" तो आकडा वाढवायचं काम माझं. घरातली पहिली पदवीधर मी. अप्पा, माझे वडील, तिथंच भट्टीवर. हे भंगार येतं कुठून, ते बघायला रविवारी निघाले. भट्टीला रविवार नसतो.

भिगवणची एसटी घ्या, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडजवळ चिलापी माशाची थाळी खा, रस्सा जपून. पुढं रिक्षा.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात. भर दुपारी वारा पडला होता, माणूस दिसत नव्हतं, आणि कुठूनतरी आवाज येत होता. टण्... टण्...

गाळातून काढलेल्या भंगाराच्या ढिगामागे एक म्हातारे आबा प्रत्येक नळीवर हातोडी मारून कान लावत होते.

"काय ऐकताय आबा?"

"आत कोन हाय का त्ये."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी एक नळी हलवली. आत पाणी डचमळलं.

"दोन्ही तोंडं गाळानं बंद. गाव बुडालं तवाचं पानी आसंल. भट्टीत गेलं की वाफंला वाट मिळत न्हाय, मग फुटतं. मानसं जात्यात. म्हनून कापून द्यायची."

मी फाउंड्रीचं नाव सांगितलं. "काल आमच्याकडं आलेल्या गाडीतला माल ऐकला होता?"

"कुठला! तुमच्या हापिसातनं फोनवर फोन, लवकर धाडा, आकडा भरायचाय. बाई लई घाईची हुती."

ती बाई मीच.

मी अप्पांना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. भट्टीवर फोन नेत नाहीत. मग गेटवरच्या वॉचमनला लावला, कालचा माल भट्टीत टाकू देऊ नका म्हणाले. "थांबा मॅडम, बघून येतो." फोन कानाला तसाच. मागं टण्... टण्...

"थोडा माल गेलाय आत. बाकीचा थांबवला. अप्पा बरे हायत."

त्या महिन्याचा आकडा खाली आला. भंगार वापरायलाच हवं, हे मी आजही मानते. पण अहवालात मी लिहिलं: प्रत्येक नळी ठोकून, ऐकून, कापूनच घ्यावी.

त्या रविवारी रात्री अप्पा जेवताना मधेच थांबले. "थांबवलेल्या मालात तशा बंद तीन नळ्या निघाल्या गं. दिवसभर भट्टीशेजारी पडून होत्या. कापल्या, तर आतलं पाणी गार. विहिरीतून आत्ताच काढल्यासारखं."

आणि त्यांनी पुन्हा उठून हात धुतले.