माझ्या पायगुणानं हरलेला क्लब

आधी ताईंचं सांगते, मग बाकीचं. अमेरिकेतल्या डब्लिनला माझ्या लेकीच्या घरामागच्या रस्त्यावर त्या राहतात. मूळच्या नागपूरच्या. नर्स म्हणून आधी कितीतरी वर्षं इंग्लंडात काढली, मग मुलामागून इथं ओहायोत आल्या. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला, त्या इथंच राहिल्या. माझ्यासाठी काय केलंत असं त्यांना विचारलं तर म्हणतील, काही नाही, चहा पाजला. पण त्या नसत्या तर मी लेकीच्या बाळंतपणाआधी पळून गेले असते.

कशापासून पळून, तर माझ्याच पायांपासून.

मी सातवीनंतर शाळा सोडली. आई आजारी, पाठची भावंडं लहान, कुणीतरी घरी राहायला हवं होतं. पुढं मिरजेजवळच्या एका गावात लग्न झालं. उंबऱ्यावरचं माप ओलांडून मी आत गेले त्याच आठवड्यात सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मग दिराची ठरलेली सोयरीक मोडली. मुलगी नुकती चालायला लागली होती तेव्हा माझे मालक मोटारसायकलवरून पडून गेले. सासूबाई वाईट नव्हत्या, आरडाओरडा त्यांनी कधी केला नाही. फक्त एकदा नात्यातल्या बारशाला निघताना हळू आवाजात म्हणाल्या, "तू राहा घरी. पांढऱ्या पायाची आहेस, लोकांच्या शुभकार्यात कशाला." त्यानंतर कुणी काही म्हणायची गरजच पडली नाही. मीच अशा घरी मागच्या दारानं जायची, भाकऱ्या थापायची आणि ओटी भरायच्या आत परत यायची.

लेकीला मात्र शिकवलं. ती पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली, तिथंच तिला जोडीदार मिळाला आणि दोघं इकडं आली. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. मी गावी होते, फोनवर तिचं रडणं ऐकलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं म्हणून तिनं मला बोलावून घेतलं. बाहेर गुडघाभर बर्फ होता तेव्हा मी आले.

इथं मला सगळ्याचीच भीती वाटायची. फोडणी दिली की छताला लावलेलं यंत्र किंचाळायचं. बुधवारी दुपारी वादळाचा भोंगा वाजवून बघतात, तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी लेकीला हाताला धरून जिन्याखाली नेलं होतं. ती हसली. मीही हसले. मला ती हसलेली बघायचीच होती.

शनिवारी सकाळी आम्ही ताईंकडे जायचो. ताईंचा इंग्लंडातला एक फुटबॉल क्लब होता. त्यांचं हॉस्पिटल त्या क्लबच्या ग्राउंडला लागून होतं आणि वॉर्डाच्या खिडकीतून एकाच बाजूचा गोल दिसायचा. पेशंट विचारायचे, सिस्टर, काय झालं? ताई खिडकीशी जाऊन अर्ध्या ग्राउंडाची बातमी द्यायच्या. तो नाद इथंही सुटला नाही. तिकडं दुपारी तीनला सुरू होणारा खेळ आमच्याकडे सकाळी दहाला दिसायचा. जावयांना कुठलाही खेळ चालतो. लेकीला नर्सच्या घरात निवांत वाटायचं, ती सोफ्यावर पाय वर घेऊन पडायची. मी पोहे करायची.

तिकडं क्लबांची उतरंड असते म्हणे. सगळ्यात वरच्या मडक्यांची नावं जगाला ठाऊक. ताईंचा क्लब पार खाली, चौथ्या थराला. त्यातही तळाला राहिलं की मोठ्या लीगमधून नावच जातं. मी आले तेव्हा तो मधोमध कुठंतरी सुखात होता. मी आल्यापासून तो हरायला लागला.

हे आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका शनिवारी मी पोह्यांच्या ताटल्या घेऊन हॉलमध्ये आले आणि तेवढ्यात समोरच्यांनी गोल केला. जावई हसत म्हणाले, "आई, तुम्ही किचनमध्येच थांबा बघू. तुम्ही बाहेर आलात की गोल बसतो."

"ए, गप रे," लेक म्हणाली.

"अगं खरंच. मागच्या शनिवारी पण सेम. आई, फक्त पाच मिनिटं. प्रयोग म्हणून."

"तिला कायले पाठवतो?" ताई म्हणाल्या. "त्या गोलकीपरला पाठव किचनमध्ये. पोहे तरी अडवते का पाहू."

सगळे हसले. जावयांचा काही दोष नाही. त्यांच्या पुण्याच्या घरी क्रिकेट चालू असलं की कुणी बसल्या जागेवरून हलायचं नसतं, भारत जिंकेपर्यंत त्यांचे वडील एक पाय दुमडून बसायचे. तीच ती गंमत. पण मी हातातल्या ताटल्या टेबलावर ठेवल्या. मी किचनमध्ये जाऊन सिंकला टेकून उभी राहिले. मला वाटलं, माझ्या आधीच माझी बातमी इथं येऊन पोचली होती की काय.

पुढच्या शनिवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. मलाही प्रयोगच करायचा होता. क्लब जिंकला. जावई जिलेबी घेऊन आले. "आई, तुमचं डोकं दर शनिवारी दुखू दे," म्हणाले आणि एक जिलेबी माझ्या हातावर ठेवली. ती मी त्यांच्या नकळत परत खोक्यात ठेवली.

त्यापुढच्या शनिवारी लेकीनं हट्टानं नेलं. क्लब हरला. आता तळाशी आले, ताई म्हणाल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी मी लेकीच्या डोक्याला तेल लावून वेणी घातली आणि संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. बीपी वाढलं होतं. हॉस्पिटलात ठेवून घेतलं. मी तिच्या खोलीबाहेर उभी राहिले. तिथली नर्स आत जा म्हणून खुणावत होती, मी मान हलवत होते. माझे पाय दारापाशी मी असे जुळवून धरले होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि सोडले तर धावत आत जातील.

लेक घरी आली. तेव्हापासून मी तिच्या खोलीत जाणं टाळायला लागले. जेवणाचं ताट दाराशी स्टुलावर ठेवायची. तिनं हाक मारली की बाहेरूनच ओ द्यायची. आणि मनात एकच, की तारखेच्या आत इथून निघायचं. मी जितकी लांब, तितकं बाळ सुखरूप. एका सकाळी सांगून टाकलं, गावाकडं छपराचं काम काढायचंय, पावसाळ्याआधी गेलं पाहिजे.

"छप्पर?" लेक म्हणाली. "आई, छपरासाठी चाललीस तू?"

मी स्टुलावरचं ताट उचललं.

"मागच्या वेळी तू नव्हतीस. ह्या वेळी पण नसणार?"

तिनं भिंतीकडं तोंड केलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. जावई जिन्यात भेटले, म्हणाले, "तिकीट बघू का, आई?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्त लागलं. मी बघा म्हणाले.

दुपारी ताई आल्या. लेकीनं फोन केला असणार. मला म्हणाल्या, "चाल माझ्याकडे, मेथी निवडायची आहे." त्यांच्या टेबलावर खरोखरच मेथीचा ढीग होता. आम्ही निवडत बसलो. त्यांनी काही विचारलं नाही. नर्स माणसांना वाट बघता येते.

शेवटी मीच म्हणाले, "ताई, तुम्हाला राग येईल."

"येईल तर येईल. बोल."

"तुमचा क्लब माझ्यामुळं हरतोय."

मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. "कोण म्हणालं?"

"कुणी नाही. जावई गमतीनं म्हणाले. पण खरं आहे ते." मग मी सासऱ्यांचं, दिराचं, मालकांचं, बारशाचं, सगळं सांगितलं. लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. मेथीची पानं हातात चुरगळत होती.

ताईंनी माझ्यापुढची जुडी काढून घेतली. "माझ्या आजोबाची सावली पडली तर लोक अंघोळ करायचे," त्या म्हणाल्या. "सावलीत काय असते? उन्हाच्या आड माणूस आला, बस. माझ्या बापानं दीक्षा घेतली ना, तेव्हा असलं सारं घराबाहेर टाकलं. ज्यानं माझ्या आजोबाच्या सावलीत विटाळ पाहिला, त्यानंच तुझ्या पायात अपशकुन पाहिला. अन् तू ते मानून राहिली?"

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"अन् तो क्लब. अव माय, तू जन्मली नव्हती तेव्हापासून हरून राहिले ते लोक. त्याचं श्रेय तू कायले घेतं?"

"पण मी घरी राहिले तेव्हा जिंकले," मी म्हणाले. हे माझ्याजवळचं शेवटचं होतं आणि मला ते सोडवत नव्हतं.

ताई उठल्या. चहाचं आधण ठेवलं, परत येऊन बसल्या.

"आमचे हे गेले त्या दिवशी क्लबवाले चार-शून्यनं जिंकले होते. आमच्याच हॉस्पिटलात भरती होते हे. शनिवार होता. मी खिडकीशी उभी राहून त्यांना सांगत होती. दुसरा गोल त्यांनी ऐकला, बोट हलवलं. चौथा झाला तेव्हा ते नव्हते. बाहेर लोक गाणी म्हणत होते. इतक्या मोठ्या फरकानं क्लब त्या साली एकदाही जिंकला नव्हता. आता तू सांग, तो कोणाचा पायगुण?"

आधणाला उकळी आली होती, मी उठून त्यात चहा टाकला.

तिथूनच मी विचारलं, "आणि पोरीला काही झालं तर?"

"होऊ शकते. मी नर्स आहे, खोटं नाही सांगत. पण झालं तर तिला आई लागेल. नाही झालं तरी लागेल." मग म्हणाल्या, "शनिवारी शेवटची मॅच आहे. बरोबरीत सुटली तरी वाचतील. तू माझ्या बाजूला बसणार."

"आणि हरले तर?"

"तर खाली जातील. तिथंही ग्राउंड असते, तिथंही बॉल असतो."

शनिवारी मी गेले ते भीत भीतच. जावयांनी स्वतः खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी ठेवली. "आई, इथं बसा," म्हणाले, माझ्याकडं न बघता. ताईंनी त्यांना काय सांगितलं होतं ते मी विचारलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. लेक सोफ्यावर होती. मी पाय वर घेऊन साडीत झाकून बसले.

"पाय खाली सोड, मुंग्या येतील," ताई म्हणाल्या.

मी सोडले.

पूर्वार्धात कुणाचाच गोल झाला नाही. उत्तरार्ध अर्धा सरला तरी नाही. त्या एवढ्याशा ग्राउंडवर माणसं डोक्याला हात लावून उभी होती आणि मी त्यांच्याइतकीच घाबरले होते, त्यांना बिचाऱ्यांना माझं असणं ठाऊक नव्हतं. शेवटी शेवटी समोरच्यांना कोपऱ्यातून बॉल मिळाला. कुणाच्या तरी डोक्याला लागून तो आत गेला.

मी कुणाकडं बघितलं नाही. कुणीतरी आता म्हणेल, याची वाट बघत बसले. कुणी काही म्हणालं नाही. शिट्टी वाजली. टीव्हीवर मोठमोठे बाप्ये लेकरांना खांद्यावर घेऊन रडत होते आणि रडता रडता हरलेल्या खेळाडूंसाठी टाळ्या वाजवत होते.

"गेले," ताई म्हणाल्या.

आणि त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. तेव्हा मला कळलं की मला धीर देणाऱ्या या बाईचंही काहीतरी त्या ग्राउंडवर होतं, ते आत्ता माझ्यादेखत गेलं होतं, आणि तरी त्यांनी मला उठवलं नव्हतं. गोल व्हायच्या आधी नाही, नंतरही नाही.

माझी भीती गेली असं खोटं लिहिणार नाही. उलट वाढली. पण तिकिटाचं मी त्या दिवशी काही बोलले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी सकाळी ताट घेऊन लेकीच्या खोलीत गेले आणि तिच्या पायाशी बसले. "छपराचं काय झालं?" तिनं विचारलं. "गळू दे," मी म्हणाले. ती सरकली आणि मला जागा दिली.

हॉस्पिटलात ऐन वेळी दारात माझे पाय पुन्हा अडले. आतून लेक ओरडली, "आई, कुठंयस तू?" मग मी गेले. कशी गेले ते आठवत नाही. मुलगी झाली. ती रडली आणि तेवढ्यात लेकीला रक्तस्राव व्हायला लागला. माणसं धावली, कुणीतरी मला भिंतीशी सरकवलं. मी भिंतीला पाठ लावून पायांकडं बघत उभी होते. मनात आलं, झालं, केलं मी. पण मी बाहेर पळाले नाही. लेकीची नजर मला शोधत होती आणि तिला मी दिसायला हवी होते.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी मास्क काढला आणि काहीतरी म्हणाल्या. जावई खाली बसले आणि हसायला लागले, तेव्हा मला अर्थ कळला.

मी ताईंना फोन केला. म्हणाले, "ताई, मी खोलीत होते आणि ती वाचली."

"तू खोलीत नसती तरी वाचली असती," त्या म्हणाल्या. "त्याचंही श्रेय घेऊ नको. काही खाल्लं का तू?"

आता माझी परतायची तारीख जवळ आली आहे. नात माझ्या मांडीवर झोपते. तिला शिंक आली तरी माझी नजर आधी माझ्या पायांकडं जाते. ही खोड इतक्यात जाणार नाही. ताईंचा क्लब खालच्या लीगमध्ये खेळेल, आणि त्या दर शनिवारी बघतील.

परवा बोलता बोलता त्या म्हणाल्या की त्यांचे मालक गेल्यापासून इंग्लंडातल्या त्या गावाला त्या परत गेल्या नाहीत. एकदा ग्राउंडवर जाऊन बसायचं आहे, पण एकटीनं त्या खिडकीखालून जायचं धाडस होत नाही. मी तेव्हा काही बोलले नाही. मला विमानतळाची भीती वाटते, सरकत्या जिन्याची वाटते, खिडकीपलीकडचा साहेब पासपोर्ट उलटसुलट करून बघतो त्याची वाटते, आणि इंग्लंडात मला कुणी ओळखत नाही. पण ताई, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल किंवा तुम्हीच वाचाल, म्हणून लिहून ठेवते. एक ना एक दिवस मी तुमच्याबरोबर येईन. त्या खिडकीखालून तुमचा हात धरून चालेन आणि ग्राउंडवर तुमच्या शेजारी बसेन, खेळ संपेपर्यंत.