उन्हाला नाही म्हणणारं घर

चाचा कोणाच्याही घरी गेले की आधी पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवायचे आणि मग माणसांची चौकशी करायचे. गल्फमधल्या आमच्या शहरात, हमरिया वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा नवऱ्याने पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. "भिंतीला ताप आलाय बाय," चाचा मला म्हणाले. जसं काही ती भिंत मीच बांधली होती!

ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे मुसलमान, मी वसईची ख्रिस्ती. नव्वदच्या दशकात त्याच शहरात, रुवी भागातल्या एका बांधकाम कंपनीत ते फोरमन होते आणि मी टायपिस्ट. ऑफिसात सगळ्यांची हिंदी चालायची. मराठी फक्त आम्हा दोघांत, तीही त्यांची वेगळी आणि माझी वेगळी.

एसीला ते मशीन म्हणत आणि त्याच्यावर त्यांचा भारी राग. "घराने उन्हाला नाय म्हणाया पायजे. घर नाय म्हणत नाय, म्हणून मशीन वरडतं," हे मी किती वेळा ऐकलं असेल! त्यांचं मागणं साधं होतं. भिंती दुहेरी, मधे चार बोटं पोकळी, पश्चिमेला खिडकी नको, पुढे खोल पडवी, छपरावर चुना. एवढं केलं तर मे महिन्यातही पंख्यावर भागेल, असं ते सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर रेघोट्या ओढून कोणालाही समजावत. लोक चहा संपेपर्यंत ऐकायचे.

मग समुद्रकाठच्या सूर गावाजवळ मच्छीमारांसाठी सरकारी वसाहत निघाली आणि काम आमच्याकडे आलं. चाचांनी अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, इतकं मागे लागून डोकं खाल्लं की त्याने वैतागून नमुन्याचं एक घर त्यांच्या पद्धतीने बांधू दिलं. ते पसंत पडलं तर सगळी वसाहत तशीच होणार होती. चाचा त्या वर्षी सुट्टीवर गावीसुद्धा गेले नाहीत.

जूनच्या भर दुपारी सरकारी साहेब घर बघायला आले. टिपणं घ्यायला मीही होते. बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि आत नुसत्या पंख्याखाली साहेबांनी दुसरा चहा मागितला. उठताना हसून म्हणाले, "फारच छान. बाकीचीही अशीच करू, इन्शाल्ला."

तो शब्द कुठल्या सुरात आला की फाइल मिटली समजायची, हे गल्फमधल्या शिपायालाही कळतं. चाचांना कळलं नाही. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. अल्लाचं नाव घेऊन दिलेला शब्द म्हणजे त्यांच्या लेखी सहीशिक्का. मला तिथल्या तिथे कळलं होतं. पण त्यांचा फुललेला चेहरा बघून मी गप्प बसले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुढच्या बारा घरांचे पाये दुहेरी भिंतींसाठी रुंद खणायला घेतले. पाये खणून झाले आणि पत्र आलं: जुन्याच नकाशाप्रमाणे बांधा. इंग्रजी पत्र मीच वाचून दाखवलं.

"खलास?" त्यांनी विचारलं.

"खलास, चाचा."

अर्बाब संतापला. चाचांनी स्वतः उभं राहून ते पाये बुजवून घेतले. त्यांच्या थंड घराचं पुढे गोदाम झालं. त्यात काय ठेवलं, तर बाकीच्या घरांसाठी आणलेले एसी, उन्हाने खराब होऊ नयेत म्हणून! मला हसू फुटलं. चाचा हसले नाहीत. वर्षअखेरीस त्यांचा व्हिसा वाढवला नाही आणि ते गावी गेले ते कायमचे.

दोन हजार सालानंतर आम्ही शहरातच, बौशर भागात राहायला गेलो. एका सुट्टीत सूरला गेलो तेव्हा मी मुद्दाम वसाहतीत गाडी वळवायला लावली. घराघराला तीन-तीन एसी, सगळे गळत होते. चाचांच्या घराच्या जागी जाळीच्या कुंपणात विजेचं सबस्टेशन घुमत होतं. राखणदार केरळचा होता. म्हणाला, "इतना एसी लगा, लोड नहीं उठता था. वो पुराना स्टोर तोड़ दिया."

त्याच महिन्यात चाचांच्या मुलीचा गावाहून फोन आला. अब्बा अंथरुणाला खिळलेत, तुमची आठवण काढतात, म्हणाली आणि रिसीव्हर तिने त्यांच्या कानाशी धरला. आवाज अगदी खोल गेला होता.

"बाय, सूरला गेल्तीस काय? आपला घर बघितलास?"

"बघितलं चाचा. थंडगार आहे."

"मे म्हयन्यात पन?"

"हो चाचा. मे महिन्यातसुद्धा."