आमच्या घरचा महिषासुर

"तोंड वर कर की रे, म्हैशा!"

सरपंचाच्या भावानं माझी हनुवटी धरली आणि तव्याची काजळी तोंडाला फासली. देवळापुढं लोक हसले. मोबाइल वर झाले. मागच्या दसऱ्याची गोष्ट. मी अकरावीत होतो. बापाचे गुडघे गेले म्हणून माझा नंबर लागला होता.

देवीनं महिषासुराला शिवेवर गाठून मारलं, असं आमचं गाव सांगतं. दसऱ्याला ती कथा खेळतात. देवी सरपंचासारख्या बागाईतदारांच्या घरची. महिषासुर आमच्या घरचा. आजा झाला, बाप झाला. म्हशीची शिंगं आमच्याच आढ्याला टांगलेली. लहानपणी मी त्यांच्याखाली झोपायचो नाही.

देवळापासून शिवेपर्यंत पळायचं. मागं पोरं, हातात निरगुडीचे फोक. मारायची मुभा. सणच आहे. शिवेच्या दगडापाशी आडवं पडायचं, देवीनं छातीवर पाय द्यायचा. मग गाव आपट्याची पानं वाटतं, गळाभेटी घेतं. आमच्या हातावर पानं वरून टाकतात.

ढोल वाजला. मी पळालो. खरोखर भिऊन पळालो. एक फोक कानावर बसला. कुणीतरी दगड मारला. मागून आरोळ्या, "पळ म्हैशा, आली बघ देवी!"

शिवेच्या दगडापाशी देवी मोटरसायकलवरून आली. जुन्नरच्या कॉलेजात माझ्याच वर्गात बसणारी. पत्र्याचा त्रिशूळ सावरत हळूच म्हणाली, "पड ना लवकर. लई ऊन हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात वही मागतानाही ती अशीच बोलायची.

मी पडलो नाही. पाय लटलटत होते. ढोल थांबला. सगळा गाव माझ्याकडं बघत होता. तेवढ्यात बाप लंगडत पुढं आला. माझ्यापुढं हात जोडले.

"पड रं बाळा. तुझ्या आईला उद्या त्यांच्याच टमाट्याच्या तोडणीला जायचंय."

बाप एवढी वर्षं कुणापुढं आडवा पडत होता, ते मला तिथं कळलं. देवीपुढं नाही.

मी डोक्याला बांधलेली शिंगं काढली. दगडावर ठेवली. आवाज फाटला, तरी बोललो, "म्हैशा पायजे तर तुमच्या घरचा द्या."

सरपंचाचा भाऊ ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "उद्यापासून टमाट्याला येऊ नका कुणी."

आई आता टेम्पोत उभी राहून लांबच्या गावी मजुरीला जाते. बाप माझ्याशी जेवताना बोलत नाही.

काल घट बसले. आज सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर तीच शिंगं. शेंदूर लावलेली. धाकटा भाऊ त्यांच्याकडं बघतो, मग माझ्याकडं. देवळात ढोलाचा सराव सुरू झालाय.

दसऱ्याला ते धाकट्याला न्यायला येतील. मी दारात उभा असेन. पाय लटलटतील, मला माहीत आहे. लटलटू देत. आमच्या घरातलं कुणी आता आडवं पडणार नाही.