आईंच्या घरातला धुराचा अलार्म

त्या दिवशी मी पहिल्या पाळीवरून घरी येत होते. दांडी गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली आणि समोर बघते तर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर निघत होता. मी तशीच पळत सुटले. पडवीत सासूबाई पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात सुकवलेला जवळा, आणि त्यातला कचरा निवडणं चाललेलं. घराकडे त्यांची पाठ होती. मी बाजूने आत शिरले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि अगदी सहज विचारलं, "आज लवकर सुटली काय, बाय?"

आत डाळीचं पातेलं कोळसा होऊन गेलं होतं. शेगडीशेजारचं फडकं कडेने पेटायला लागलं होतं. गॅस बंद केला, फडकं सांडशीने उचलून मोरीत टाकलं, वर बादलीभर पाणी ओतलं. डोळे चुरचुरत होते, खोकल्याने जीव हैराण झाला होता. आई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांनी आधी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लक्ष नव्हतं माझं," त्या म्हणाल्या.

मला ते खरं वाटलं. जवळा निवडायचा म्हणजे मान खाली घालून तासभर बसायचं काम, त्यात असं होऊ शकतं. पण रात्री जेवताना मनात सारखं येत राहिलं, की त्या दारापासून दोन हातांवर बसल्या होत्या आणि मला तर जळकं गल्लीच्या कोपऱ्यावरच नाकात शिरलं होतं.

आई सुकी मासळी विकतात. बोंबील, जवळा, सोडे. बाजाराच्या दिवशी बोईसरला जातात, ठरलेल्या जागी बसतात. गल्लीतल्या बायका सुकवलेला माल घेऊन त्यांच्याकडे यायच्या आणि मूठभर त्यांच्या नाकाशी धरायच्या. आत ओल राहिली आहे का, पावसाळाभर टिकेल का, हे त्या वासावरून सांगायच्या. मी या घरात आले ती बोईसरच्या कंपनीच्या वसाहतीतून. माझे वडील सोलापूरकडून इथे नोकरीसाठी आलेले, आमच्या घरी मासळी कधीच नव्हती. लग्नानंतर पहिले काही आठवडे मला जेवण जात नव्हतं. कुणी मला काही बोललं नाही. एक दिवस बघते तर आमच्या खोलीलगतच्या माळ्यावरच्या सुक्या मासळीच्या टोपल्या नव्हत्या. आईंनी त्या शेजारी राहणाऱ्या त्यांच्या जावेकडे नेऊन ठेवल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिकडं वारा चांगला लागतो."

डाळ जळाली त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी मला मागच्या अंगणात हाक मारली. हातात बोंबलाची जुडी होती.

"जरा बघ गं, याचा वास कसा येतो?"

मी हसले. म्हटलं, "आई, मला विचारताय?"

त्या हसल्या नाहीत. जुडी माझ्यापुढे तशीच धरून राहिल्या. मी वास घेतला आणि माझ्या परीने सांगितलं, की खारट आहे, उग्र आहे, पण कुजका नाही. त्यांनी मान हलवली आणि जुडी टोपलीत ठेवली. तेव्हा मला कळलं. मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"कधीपासून?"

"त्या तापानंतर," त्या म्हणाल्या. पावसाळ्याच्या शेवटी त्यांना मोठा ताप येऊन गेला होता, सर्दीने आठवडाभर बेजार होत्या. ताप गेला, सर्दी गेली, वास काही परत आला नाही. "वाटलं, येईल. मग येत नाय म्हटल्यावर कुणाला काय सांगू? गिऱ्हाईक माझ्या नाकावर येतं."

इतके महिने त्या एकट्याच हे सांभाळत होत्या. मासळी बोटांनी दाबून, मोडून, आवाज ऐकून अंदाज घेत होत्या. चहात नासकं दूध एकदोनदा पडलं होतं, ते त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. आता एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे येत गेली.

आम्ही त्यांना पालघरला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून ते म्हणाले, "वास कदाचित परत येईल, कदाचित थोडाच येईल, वाट बघावी लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात गॅस आहे ना? दुपारच्या त्या एकट्या असतात? धुराचं आणि गॅसचं काहीतरी बघा." परतताना रिक्षात आई एकदाच बोलल्या. उमरोळी गाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "बोईसरच्या कारखान्यांचा घाण वास तरी आता येत नाय." मी त्यांचा हात हातात घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्या डोक्यावर, छताला, धूर ओळखणारे पांढरे गोल अलार्म आहेत. ते नेमाने वाजवून बघतात, पुसतात, नोंद करतात. इतकी वर्षं मी त्यांच्याखाली उभी राहून काम करते आहे, पण असला एखादा घरी लावावा असं मनात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर बोईसरच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले.

"कौनसी कंपनी के लिए, मॅडम?" दुकानदाराने विचारलं.

"घर के लिए."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मागच्या खोलीतून धूळ बसलेले खोके आणले. मी बॅटरीवर चालणारे दोन धुराचे अलार्म घेतले, आणि एक गॅस गळती ओळखणारा.

बसवायचं काम रविवारी केलं. माझे यजमान एका कारखान्यात फिटर आहेत, ड्रिल त्यांच्या हातात शोभून दिसतं. ते थेट शेगडीच्या वर खुणा करायला लागले. मी म्हटलं, तिथे नको, फोडणी टाकली तरी बोंबलेल. मग एक अलार्म स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, मधल्या खोलीत जाताना लागतो त्या बोळाच्या छताला बसवला. दुसरा आईंच्या खोलीत, पंख्यापासून लांब. गॅसचा मात्र खाली, सिलिंडरजवळ, कारण हा गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो. मी स्टुलावर चढून बटण दाबलं. तो आवाज असा होता की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

आई पदराने कान झाकून बघत होत्या. "हे माझ्यावर राखण हाय काय?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर नाही, घरावर," त्यांचा मुलगा म्हणाला.

त्यांनी कानावरचा पदर काढला आणि चहाचं आधण ठेवलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी मुशी माशाचे तुकडे तळायला घेतले. तेल जास्त तापलं, धूर झाला, बोळातला अलार्म किंचाळायला लागला. तो कसा थांबवायचा हे आईंना आठवेना. गल्लीतल्या बायका धावत आल्या. काय झालं, कशाला वाजतंय, आग लागली काय? मी कामावर होते. संध्याकाळी आले तेव्हा शेजारणींनी दारातच मला हे सांगितलं. जेवताना आईंनी मला मीठ वाढलं, पण वर बघितलं नाही.

पुढे एकदा सहज बोळातल्या अलार्मचं बटण दाबून बघितलं तर आवाज नाही. झाकण उघडलं. आत बॅटरी नव्हती.

मी आईंच्या खोलीत गेले. त्या पलंगावर बसून टोपलीच्या सुटलेल्या कडेला दोरी गुंडाळत होत्या. मी समोर खाली बसले. काय विचारायला आले आहे हे त्यांना कळलं होतं.

"ते वाजलं की गल्लीला समजतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज धूर विचारतात. उद्या विचारतील, तुला कसा नाय कळला?"

त्यांची बोटं दोरीवर तशीच थांबली होती. मग त्यांनी विचारलं, "त्याला वास येतो काय गं?"

"नाही," मी म्हटलं. "त्याच्या आत एक बारीक उजेड असतो. धूर आत शिरला की तो उजेड विस्कटतो. त्यावरून त्याला कळतं."

"म्हंजे वास त्याला पण नाय."

"नाही."

त्यावर त्या जरा हसल्या. मी म्हटलं, "तळताना वाजायला नको, त्याचं मी बघते. पण दुपारी तुम्ही झोपता आणि मी तिकडे प्रयोगशाळेत असते. तेव्हा माझं लक्ष कामात लागत नाही हो, आई." हे मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी उशीखाली हात घातला आणि बॅटरी माझ्या तळहातावर ठेवली.

रविवारी यजमानांनी अलार्म बोळाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बसवला. आवाज थांबवायचं बटण कोणतं, ते आईंना दाखवलं. त्यांनी झाडूच्या दांड्याने ते स्वतः दाबून बघितलं, एकदा, मग पुन्हा. त्यानंतर मुशी तळली तेव्हा अलार्म गप्प राहिला.

उन्हाळ्यात गावातली वीज सारखी ये-जा करत होती. एका दुपारी प्रयोगशाळेत फोन आला. मागे अलार्मचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, पण आईंचा आवाज शांत होता.

"बाय, ते वाजतंय. मी बाहेर हाय. मेन स्विच पाडलाय."

"धूर कुठे आहे?"

"फ्रिजच्या मागं. डबा हाय ना तो, त्याच्यातनं. मी आत जात नाय. तू घाबरू नको."

मी यजमानांना फोन केला, ते माझ्या आधी पोचले. फ्रिजचा स्टॅबिलायझर आतून जळला होता. त्यामागचा पडदा करपून तपकिरी झाला होता, भिंतीवर काळा डाग. तेवढ्यावर निभावलं. आई झोपल्या होत्या, आवाजाने उठल्या. जाग आली तेव्हा धूर मधल्या खोलीत छतापर्यंत होता आणि त्यांना नाकाने काहीच कळलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा त्या शेजारच्या जावेच्या पायरीवर बसल्या होत्या. भोवती गल्लीतल्या बायका. कुणीतरी म्हणालं, "बरं झालं लवकर वास आला तुमाला."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "वास नाय आला. मला वासच येत नाय. पावसाळ्यापासनं. ते वाजलं म्हणून मी उठले."

आईंच्या जाऊबाई म्हणाल्या, "आमी काय परक्या हाय? सांगायचं नाय?" त्या रागावल्या होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते. आई नुसत्या "हां गं" म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्याला टेकून बसल्या.

गिऱ्हाईक तुटलं नाही. बाजाराच्या दिवशी आता जाऊबाई त्यांच्याबरोबर बसतात, माल हुंगून देतात. भाव अजून आईच ठरवतात. पुढच्या काही महिन्यांत गल्लीत आणखी तीन घरांत अलार्म लागले. ते बसवायला माझे यजमान जातात, आणि तो कुठे लावायचा हे सांगायला आई बरोबर जातात. "चुलीवर नको," त्या सांगतात, "तळण करशील तर डोकं उठवील."

आईंचा वास पूर्ण आला नाही. उग्र काही असलं, फिनेल किंवा जळका कापूर, तर अंधूक लागतो म्हणतात. कधी फसवतोही. एकदा चहाला रबर जळल्याचा वास येतोय म्हणून त्यांनी सगळं घर शोधायला लावलं.

खाऱ्या हवेमुळे अलार्मच्या जाळीवर पांढरट थर बसतो, कधी मुंग्या आत शिरतात, आणि मग तो उगाच चिवचिवतो. बॅटरी संपत आली तरी तसाच. म्हणून आम्ही दोघी मिळून तो अधूनमधून साफ करतो. स्टुलावर आई चढतात, मला चढू देत नाहीत, कारण मी आता पोटुशी आहे. मी स्टूल घट्ट धरते. त्या मऊ ब्रशने जाळी झाडतात, नवी बॅटरी बसवतात, कानावर एक हात ठेवून बटण दाबतात. आवाज आला की उतरायच्या आधी माझ्या डोक्यावर हात टेकवतात, तोल सांभाळायला. उतरून झाल्यावरही तो हात थोडा वेळ तिथेच असतो.