दुसरीचा वर्ग चर्चमध्ये भरायचा तेव्हा

राहात्याजवळच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या जूनमध्ये मुलं मावेनात. करोनानंतर काही पालकांनी इंग्रजी शाळेतून मुलं काढून आणली होती, आणि शिर्डीच्या हॉटेलांत कामाला आलेली बिऱ्हाडं आमच्याच गावात खोल्या घेऊन राहू लागली होती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, कुणालाच परत पाठवत नसत. "आधी नाव घाला, जागेचं मग बघू," म्हणत.

पहिलीचा वर्ग मारुतीच्या सभामंडपात गेला. माझी दुसरी व्हरांड्यात होती. ऊन चढेल तसं आम्ही सतरंजी ओढत भिंतीकडे सरकायचो. ते रोज पाहणारे एक निवृत्त गुरुजी समोरच राहत. त्यांच्या घराला लागूनच असलेल्या चर्चची किल्ली त्यांच्याकडे असे. एके दिवशी ते फाटकात येऊन मला म्हणाले, "बाई, रविवार सोडला तर आमचं चर्च मोकळंच असतं. पोरं घेऊन या."

आम्ही गेलोही. पण दुसऱ्याच दिवशी एका मुलीचे आजोबा शाळेत आले. "देवळात बसवा की. चर्चमदी कशापायी?"

"देवळात पहिली बसलीय, आबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुमची नात पुन्हा पहिलीत घालू का?"

आबांना हसू आलं, पण समाधान झालं नाही. ते थेट चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसले. मी शिकवणं चालूच ठेवलं. मुलं तिनाचा पाढा म्हणत होती. नात मध्येच अडखळली, तर आबाच मोठ्यानं म्हणाले, "तीन साते एकवीस!" सगळा वर्ग खो-खो हसला. जाताना ते दारात उभ्या असलेल्या गुरुजींना म्हणाले, "जागा गार हाय. पोरं न्हाई कंटाळायची." दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेतल्या पेरूंची पाटी पाठवली.

वर्षभर आम्ही तिथंच शिकलो. नाताळ जवळ आला तेव्हा सगळ्या वर्गानं मिळून चांदण्या कापल्या, गुरुजींनी त्या शिडीवर चढून टांगल्या. डिंकाचे हात धुवायला त्यांच्या अंगणातल्या नळावर झुंबड उडायची आणि त्यांच्या पत्नी लटक्या रागानं ओरडायच्या.

पुढच्या वर्षी शाळेच्या नव्या खोल्या बांधून झाल्या. सतरंज्या गुंडाळून, फळा दोघादोघांनी धरून आम्ही रस्ता ओलांडला. गुरुजी दारापर्यंत आले. "आता सकाळी लई शांत वाटंल," एवढंच म्हणाले आणि किल्ली खिशात टाकली.

आता माझी बदली नेवाशाकडे झाली आहे. वर्ग मोठा, हवेशीर, प्रत्येकाला बाक आहे. तरी पाढे सुरू झाले की मला कोपराला कोपर लावून बसलेली ती मुलं दिसतात. त्यांतली काही आता हायस्कूलला गेली असतील.