पहिल्या ओळीतला मुसल्ला

"ए पिंजाऱ्या, मांगं सरक. तुह्या अंगाचा कापूस उडून राह्यला."

जुम्याची नमाज उभी राहत होती. मी पहिल्या ओळीत होतो, इमामांच्या बरोबर मागे. अर्धा तास आधी येऊन बसलो होतो. मशिदीत जो आधी येतो तो पुढे बसतो, कुणाच्या नावाची जागा नसते. पण आमच्या मशीद कमिटीच्या सदराने, म्हणजे अध्यक्षाने, तिथे सकाळीच आपला मखमली मुसल्ला, नमाजेचं आसन, अंथरून ठेवला होता. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसा. मी त्याची घडी करून बाजूला ठेवली. एवढाच माझा गुन्हा. म्हणून तो आल्या आल्या माझ्यावर असा खेकसला.

सगळे बघत होते. मी, चाळिशीचा बाप्या, उठलो आणि दाराशी, चपलांजवळ जाऊन उभा राहिलो. त्या उठण्याची मला आजही लाज वाटते. या माणसाच्या पिपरी मेघेतल्या बंगल्यातली गादी मीच भरली आहे. माझा कापूस त्याला झोपायला चालतो. नमाजेत टोचतो.

नमाज झाली आणि सदरसाहेबांनी माइक धरला. म्हणाले, पुढारी म्हणजे कौमचा खादिम, सेवक. सरदारी ही अमानत, सोपवलेली ठेव, अल्लाहला तिचा जाब द्यायचा आहे. शब्द न् शब्द खरा. या गृहस्थाला तो तोंडपाठ, बस्स तोंडापुरताच.

मग त्याचा एक चमचा उठला. "पुढचे तीन वर्सं सदर हेच. हात वर करा."

आमच्याकडे सदर असाच निवडतात. भराभर हात वर गेले. माझा गेला नाही.

त्याने पाहिलं. "काऊन रे, हाताले काय झालं तुह्या?"

"हाताले काई नाई झालं. अल्लाहच्या घरातून माणूस उठवते, तो माहा सदर नाई."

तो हसला. "पुढच्या महिन्यात पोरीचा निकाह आहे ना? येजो मंग माही सही मांगाले."

आमच्याकडे निकाहाच्या कागदावर सदराची सही घ्यायची रीत आहे. खादिम बोलला!

घरी येऊन पोरीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही नका जाऊ त्याच्याकडं."

नाहीच जाणार. निकाहाला नवरा-नवरीची कबुली लागते, दोन साक्षीदार लागतात. सदराची सही अल्लाहने मागितलेली नाही. निकाह माझ्या अंगणात होईल, भर दुपारी, सगळ्या मोहल्ल्यादेखत. ज्याला सदराची भीती वाटते त्याने येऊ नये.