जाताना, आल्यावर

भागधारक क्रमांक चार. नाव: श्री. रायभान. पदनाम: परिचर. कार्याचे स्वरूप: अभिलेख कक्षातील दस्तऐवजांची भौतिक पुनर्प्राप्ती. उपलब्धता: कार्यालयीन वेळेत, तसेच त्यानंतरही. संगणकीय ज्ञान: निरंक. नवीन प्रणालीचा अपेक्षित परिणाम: गरज संपुष्टात.

पंचायत समितीची जुनी कागदप्रणाली काढून नवी बसवायला आलेल्या कंपनीच्या अहवालात हे वर्णन होतं. साध्या भाषेत सांगायचं तर रायभान कागद शोधून देतो. अहवाल लिहिणाऱ्याने त्याला पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे वर्णनात चूक अशी काही नव्हती.

जुना कागद लागला की कार्यालयात एकच वाक्य निघे, "रायभानला विचारा." आणि रायभान अर्जदाराला एकच प्रश्न विचारी, "तोडीला जाताना दिलता, का आल्यावर?" तालुक्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. अर्जांचे मोसमही तेच दोन. म्हणून नोकरीला लागल्या लागल्या रायभानने कागदांचे बस्ते दोन रंगांच्या कापडांत बांधायला घेतले. जातानाचे पांढऱ्या, आल्यावरचे लाल. साल, गाव, विषय असल्या बारकाव्यांत तो शिरला नाही. उत्तर ऐकून तो आत जाई आणि चहा होईस्तोवर, कधी पुढचा बाजार येईस्तोवर, कागद घेऊन बाहेर येई. लोक याला स्मरणशक्ती म्हणत. खरं तर ते उपसणं होतं, पण दार आतून लोटलेलं असल्याने कोणाला दिसत नसे.

मग पहिला संगणक आला. त्याच्याबरोबर आलेल्या कंत्राटी माणसाने विचारलं, "कागदं किती प्रकारची हाईत?"

"दोन," रायभान म्हणाला.

त्या माणसाने दोन फोल्डर केले, 'जाताना' आणि 'आल्यावर'. सगळे कागद स्कॅन करून त्यांत ओतले आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला घेऊन तो निघून गेला. ही प्रणाली पुढे बरीच वर्षं चालली. चालली म्हणजे बंद पडली नाही.

रायभानचं दुखणं निराळंच होतं. परिचराचा कनिष्ठ सहायक व्हावा म्हणून त्यानेही मागे एक अर्ज दिला होता, बाहेरच्या टायपिंगवाल्याकडून नीट टाईप करून. तो हरवला, आणि हरवला तो याच खोलीत. अर्ज दिवाळीआधीचा, म्हणजे पांढऱ्या बस्त्यात असणार. पांढरे बस्ते त्याने किती वेळा सोडले आणि बांधले याला हिशेब नाही. नवा अर्ज द्यायचा तर जुन्याचा हवाला लागे. कोणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण उत्तर ठरलेलं होतं, "रायभानला विचारा."

"दुनियाचे कागदं घावतेत तुमाला," त्याची बायको केवळाबाई अधूनमधून म्हणे, "सोताचा एक घावंना व्हय?"

"साहेबाकडं हाय," तो ठोकून देई.

नवी प्रणाली बसवायला अर्पिता आली. मूळची जिंतूरची, नोकरी पुण्याला. पण इथल्या फॅनखाली बसल्यावर तासाभरात तिची बोली परत आली. कार्यालय अधीक्षक रविकांतसाहेब खुशीत होते. "रायभान, आता तुमाला आराम," ते म्हणाले. हा शब्द रायभानने आजवर फक्त निरोप समारंभांत ऐकला होता.

त्याला राग यायला हवा होता. पण आलं ते कुतूहल. तो अर्पिताच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहू लागला.

"ही मशीन कागद वाचती का?"

"वाचती काका. टाईप केलेलं चांगलं, हाताचं अदमासे."

"समजतंय का तिला?"

"न्हाई. नुसतं वाचती."

"मग आपल्या हापिसातलीच हाय म्हणा."

अर्पिता हसली. मग तिने जुने फोल्डर दाखवले. "हे काय हाय? मला वाटलं आवक-जावक."

रायभानने तोडीचं सांगितलं. ती पडद्याकडे बघत राहिली. "आमच्या गल्लीतले बी जायचे," ती म्हणाली. "पण काका, यावरून कागद कुठं हाय ते कळतंय?"

"अदमासे," रायभान म्हणाला.

चाचणीच्या दिवशी सगळे खुर्च्या ओढून बसले. "पहिलं नाव तुमीच सांगा काका," अर्पिता म्हणाली. रायभान घुटमळला. मशीनला अर्ज सापडला नाही तर तो कायमचा गेला; सापडला तर आपल्याला तो सापडत नव्हता हे साऱ्या कार्यालयाला कळणार. पण मशीन करते तरी काय, हे बघायची ओढ दोन्हींहून मोठी निघाली.

"माझंच टाक."

पडद्यावर अर्ज आला. वर बारीक अक्षरात फोल्डरचं नाव: आल्यावर.

"आल्यावर?" रायभान म्हणाला. "मी कुठं गेलतो?"

तो कुठेच गेला नव्हता. अर्जाखालचा शेरा पाडव्यानंतरचा होता. म्हणजे तोडीचा सारा मोसम अर्ज तेव्हाच्या साहेबांच्या टेबलावर पडून होता आणि खाली आला तेव्हा लाल बस्ता उघडा होता. रायभानच्या पद्धतीत माणसांचं जाणं-येणं धरलेलं होतं. साहेबांचं टेबल धरायचं राहून गेलं होतं. केवळाबाईला तो ठोकून देत होता ते निदान त्या एका मोसमापुरतं खरं होतं.

शेरा रविकांतसाहेबांनी मोठ्याने वाचला. 'सदर कर्मचाऱ्याशिवाय अभिलेख सापडत नाहीत. सबब विनंती तूर्त स्थगित.'



"रायभान, तुमी इतकी वर्षं विचारलं कसं न्हाई?"

"कुणाला विचारू साहेब?"

साहेबांनी शेरा मनातल्या मनात पुन्हा वाचला. "आता मशीन सापडवायलीय. म्हणजे हरकतीचं कारण संपलं. वर पाठवू. फक्त मूळ प्रत जोडावी लागंल. पडद्यावरलं चालत न्हाई."

मूळ प्रतीसाठी नव्या प्रणालीत वेगळा रकाना होता, 'भौतिक स्थान'. अर्पिताने तो उघडला. जुन्या सगळ्या कागदांपुढे एकच नोंद होती: अभिलेख कक्ष.

"बरं मग," साहेब सवयीने म्हणाले, "रायभानला..." आणि थांबले.

रायभान उठून आत गेला. मनातून तो खूश होता. इतकी वर्षं तो चुकीचा रंग शोधत होता, आता बरोबर रंग कळला होता. पण आत जाऊन बघतो तर लाल कापडं उन्हाळे खाऊन फिकी पडलेली, पांढरी धुळीने मळलेली, आणि दोन्ही रंग मध्येच कुठेतरी एकमेकांना भेटलेले. त्याने जवळचा बस्ता खाली घेतला आणि गाठ सोडली.

"घावला का काका?" दारातून अर्पिताने विचारलं.

"शोधायलोय."

प्रणाली सुरू झाली, अर्पिता पुण्याला गेली. भागधारक क्रमांक चारची गरज संपुष्टात आल्याची नोंद प्रणालीत घेण्यात आली आहे. मूळ अर्ज अजून सापडलेला नाही.